बाहुलीघराची वर्धा योजना

(नवशिक्यांसाठी, आणि ज्यांच्या घरात असा एखादा नवशिका निपजला आहे त्यांच्यासाठी)

आधी घरच्यांना काय सांगायचं ते ठरवा. माती, चाळणी, डिंक हे सगळं नंतर. पोक्त माणूस ओसरीवर पाट टाकून बोटभर उंचीचा माठ घासत बसला आहे, ही गोष्ट वर्ध्यात फार वेळ खासगी राहत नाही. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारणारच, "हे कायले करून राह्यले जी तुम्ही?" त्यावर "छंद आहे" हे उत्तर चालत नाही. "नातीसाठी करतोय" हे चालतं. नात नसेल तर पुतणी, तीही नसेल तर कुणाच्या तरी शाळेचा प्रकल्प हाताशी ठेवा. "घरकुल बांधतोय" असं मात्र चुकूनही म्हणू नका. दिवाळीला अंगणात मातीचं घरकुल करणाऱ्या मुली विदर्भात अजून आहेत, पण मोठ्या माणसाच्या तोंडून ते ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मंग, कितवा हप्ता आला?"

हा छंद विलायती आहे, असं सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका. तुम्ही लहानपणी ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी केली असेल, तर तुमचं निम्मं शिक्षण झालेलं आहे. धांड्याच्या आतला गर म्हणजे मऊ लाकूड आणि वरची साल म्हणजे खिळे. करवत, हातोडी, फेविकॉल काही लागत नाही. भुलाबाईला कोजागिरीला धांड्यांची माडी बांधलीत, महालक्ष्म्यांपुढे भातुकली मांडलीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदीला झूल शिवलीत, हे सगळं याच खात्यात जमा धरा. फक्त तान्ह्या पोळ्याचा आदर्श एका मर्यादेपर्यंतच ठेवा. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात नंदी इतके मोठमोठे असतात, की लहान पोरांच्या खेळण्यातला बैल ओढायला मोठी माणसं लागतात. आपल्याला उलट दिशेनं जायचं आहे. शिवाय त्या नंदीला दारोदार बोजारा मिळतो. आपल्याला कुणी काही देणार नाही.

आता माप. या छंदात जगभर चालणारं माप म्हणजे एकास बारा: खऱ्यातला एक फूट, आपल्याकडे एक इंच. सेंटिमीटरवाल्यांनी खरं एक मीटर म्हणजे ८.३ सेंटिमीटर धरावं. साडेपाच फुटांचा माणूस साडेपाच इंचांचा होतो, सहा फुटांचं दार सहा इंचांचं. इथवर सगळ्यांना कळतं. न कळणारा भाग पुढे आहे. लांबी बारा पट घटते तेव्हा क्षेत्रफळ १४४ पट घटतं आणि वजन १७२८ पट. म्हणून खऱ्या कापडाचा पडदा छोट्या खिडकीत लोंबत नाही, खरं पाणी छोट्या तांब्यातून धारेनं पडत नाही, थेंब होऊन तोंडाशीच अडून बसतं. वस्तू लहान करता येतात, गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवायची ती वर्धा योजना तयार झाली. तिच्यात बाहुलीघराचा समावेश झाला नाही याची चुटपुट मला अजून आहे. घनफळ इतक्या वेदनादायक पद्धतीनं शिकवणारा दुसरा उद्योग नाही.

पुढचा निर्णय म्हणजे घर कोणतं बांधायचं. इथे नवशिक्याचं डोकं हमखास फिरतं. तो इंटरनेटवर चित्रं बघतो आणि त्याला जिना, झुंबर, वाचनालय, मद्याचं तळघर सगळं हवंसं वाटतं. ही हाव जुनी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅमच्या पेत्रोनेला ऊर्टमन या बाईंनी कपाटात बसणारं जे बाहुलीघर सजवलं, त्याच्या खर्चात तिथल्या कालव्याकाठी खरं घर आलं असतं म्हणतात. इंग्लंडच्या मेरी राणीसाठी १९२१ ते १९२४ या काळात जे बाहुलीघर झालं, त्याच्या नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते आणि तळघरातल्या अंगठ्याएवढ्या बाटल्यांत खरी वाइन भरलेली आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी त्याच्या वाचनालयासाठी शेरलॉक होम्सची एक चिमुकली नवी गोष्ट लिहून दिली. ते घर विंडसरला आहे. त्याचे वास्तुकार होते एडविन लट्येन्स. म्हणजे ज्यांनी त्याच सुमारास दिल्लीत व्हाइसरॉयसाठी ३४० खोल्यांचा प्रासाद उभा करायला घेतला होता, तेच. एकाच माणसाच्या टेबलावर एकाच वेळी जगातल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक आणि सर्वांत लहान घरांपैकी एक, आणि दोन्हींत खोल्या जास्तच.

या दिल्लीच्या प्रासादाला पुढे थेट आपल्या जिल्ह्यात फोन लागायचा. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात टेलिफोन बसवून घेतला; तो तिथे अजून ठेवलेला आहे. तारेच्या एका टोकाला ३४० खोल्या, दुसऱ्या टोकाला माती, बांबू आणि कवेलू. नवशिक्यानं तारेचं दुसरं टोक पकडावं, असा या मार्गदर्शिकेचा आग्रह आहे. पहिलं घर म्हणून बापू कुटी करा.

"सोपं आहे की, आत काही सामानच नाही!" असं तुम्ही म्हणालात ना? सगळेच म्हणतात. भरलेल्या घरात वाकडी भिंत सोफ्यामागे लपते. फसलेल्या फरशीवर गालिचा टाकता येतो. कुटीत लपायला जागा नाही. एक चटई, एक बसकं मेज आणि उरलेली भिंत. भिंतीत काडीएवढी चूक असली तरी बघणाऱ्याची नजर थेट तिथेच जाते. रिकामी खोली लहान करणं हे या छंदातलं सर्वांत अवघड काम आहे, आणि ते नवशिक्यालाच द्यावं, कारण जाणते लोक घेत नाहीत.

थोडा इतिहास लागेल, कारण कुणीतरी विचारेलच. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला वर्ध्यातल्या मगनवाडीहून सेगावात राहायला आले. गावाचं नाव सेवाग्राम झालं ते १९४० मध्ये. कारण सेगावचं टपाल बुलडाण्याच्या शेगावला जाऊन पडायचं. आधी आदि निवास उभा राहिला, त्यात सगळे एकाच मोठ्या खोलीत. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो ती आधी गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांची झोपडी होती; वाढवून, फेरफार करून ती गांधीजींची झाली. गांधीजींची अट काय असायची, हे वास्तुकार लॉरी बेकर नेहमी सांगत: आदर्श घराचं सगळं साहित्य पाच मैलांच्या आत मिळणारं असावं. ही अट आपणही पाळायची आहे. तुमच्या घरापासून पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. कुरिअरवाल्याचं अंतर त्याच्या गोदामापासून मोजायचं, तुमच्या दारापासून नाही. परदेशातून आलेलं कृत्रिम शेवाळ आणि नागपूरहून आणवलेला एमडीएफ या अटीत बसत नाहीत. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे म्हणून भिंतीला तीच फासणारे उत्साही लोकही असतात. त्यांनी हळदीचा रंग उन्हात उडतो एवढं लक्षात ठेवावं.

भिंतीची माती. शेतातली काळी माती उचलू नका. कपाशीला ती आई आहे, भिंतीला वैरीण. ओली असताना फुगते, वाळली की फाटते. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगांत हात जातो, त्याच भेगा तुमच्या आठ इंची भिंतीत पडतात आणि त्यांना लहान व्हायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. गावठाणातल्या पडक्या घराची पांढरी माती घ्या. मालकाला विचारून घ्या. पडक्या घराला वर्ध्यात मालक कमी नसतात, आणि एकानं हो म्हटलं तरी दुसऱ्या भावाचं मत वेगळं असू शकतं. माती चाळा. नंतर मैद्याच्या चाळणीनं चाळा. नंतर धोतराच्या जुन्या तुकड्यातून वस्त्रगाळ करा. खऱ्या भिंतीत दिसणारा हरभऱ्याएवढा खडा आपल्या मापात खसखशीच्या दाण्याहून मोठा असता कामा नये. शेण घालायचंच, पण तेही वाळवून, कुटून, गाळून. तणस किंवा गव्हाचं कुटार कात्रीनं इतकं बारीक करा की बघणाऱ्याला धूळ वाटावी. घरातली मिक्सरची भांडी यासाठी वापरण्याचा मोह होईल. वापरलीत तर चटणीचं भांडं तरी सोडा.

भिंतीच्या आत तुराट्या उभ्या करा. पऱ्हाटी वाकडी असते, ती चुलीत जाऊ द्या. तुराटी सरळ, हलकी आणि जिल्ह्यात फुकट. त्यावर पातळ हात, सावलीत वाळवण, मग दुसरा हात. सावलीत म्हणजे सावलीत. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस ओलांडतो, त्या हवेत गिलावा करणाऱ्यानं आधी मोठ्या घराचा कूलर दुरुस्त करून घ्यावा आणि छोट्या घराला दिवाळीनंतर हात घालावा. पावसाळ्यातही नको, शेणाला बुरशी धरते. उरलेला काळ हाच हंगाम.

कुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीच्या उठावात शिंदीची झाडं, मोर, चरखा काढले आहेत. इंग्रज ॲडमिरलच्या मुलीनं हातानं लिंपून काढलेली झाडं. आपल्या मापात हा उठाव अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो. टाचणीच्या डोक्यानं पातळ माती टिपत जा. झाड जमतं. मोर पहिल्या प्रयत्नात कोंबडीच होतो, तो पुसून परत करा. घाई झालीच तर कोंबडी ठेवा आणि कुणी विचारेपर्यंत गप्प बसा.

आता कवेलू. मन घट्ट करून वाचा.

गावाकडचा कुंभार अर्धगोल कवेलू कसा करायचा? चाकावर निमुळती नळी ओढायची, ओली असताना मधोमध चिरायची, दोन कवेलू तयार. आपणही तेच करायचं, फक्त चाकाच्या जागी एक निमुळती गुळगुळीत काडी घ्यायची. काडीला चिमूटभर राख लावा म्हणजे माती चिकटत नाही. पापडाइतकी पातळ लाटलेली माती तिच्याभोवती गुंडाळा, ब्लेडनं लांबीत दोन्हीकडे चिरा, नखानं हळूच सोडवा. एका बाजूनं थोडं रुंद, दुसरीकडे थोडं अरुंद यायला हवं, नाहीतर छपरावर एकात एक बसणार नाहीत. काही थोडे जास्त भाजलेले काळपट करा, काही फिके. सगळे एका रंगाचे झाले तर घर झोपडी न राहता रिसॉर्ट होतं. भाजायला तव्यावर ठेवू नका, चटकन तडकतात. डब्यात राखेत पुरून मंद विस्तवावर ठेवा. छावणी खालून वर करायची, पावसाचं पाणी ज्या क्रमानं ओघळतं त्याच्या उलट. खालची ओळ पालथी-उताणी बसली की मग वरची.

आणि किती लागतील? इथे भलेभले खचतात. घर बारा पट लहान आहे म्हणून कवेलू बारा पट कमी लागत नाहीत. प्रत्येक कवेलूही तितकाच लहान झालेला असतो. म्हणजे खऱ्या छपराला जितके, तितकेच. हजारांत. शंभरेक झाल्यावर माणूस मनानं आश्रमवासी होतो, पाचशेनंतर त्याला आरसीसीचं महत्त्व पटतं. काहीजण पन्हाळीचा पुठ्ठा रंगवून छप्पर म्हणून चिकटवतात. ते दुरून चांगलं दिसतं, आणि त्यांना भेटायला कुणी जवळून जात नाही अशी आशा आहे. निदान पुढचा उतार खऱ्या कवेलूंचा करा, मागचा भिंतीकडे तोंड करून ठेवता येतो.

छप्पर झालं की आत शिरा. म्हणजे हात शिरवा. गांधीजींच्या वापरातल्या वस्तूंची यादी छोटी आहे आणि प्रत्येक वस्तूत एक खोडा आहे. चटई शिंदीच्या पात्याची विणायची, पण पातं सुईनं आठ-दहा धाग्यांत चिरून. चष्म्याला जळालेल्या मोटरच्या वायंडिंगची तांब्याची तार घ्या. काच बसवू नका. त्या मापात काच दिसत नाही आणि न बसवल्याचं कळतही नाही. तीन माकडांची मूर्ती मुळातच हातात मावणारी, बारा पट लहान केली की तिघं मिळून ज्वारीच्या दाण्याएवढी. त्यांनी कान, डोळे, तोंड झाकलं आहे की नाही हे पाहायला भिंग लागतं, तेव्हा तिथे थोडी चूक झाली तर तिन्ही माकडांच्या तत्त्वाप्रमाणे वागा.

पेटी चरखा हा स्वतःच लघुरूपाचा उत्तम नमुना आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं आणि यंत्र दीडशे रुपयांच्या आत बसावं अशी अट घातली होती. घडी करून बरोबर नेता येईल अशा चरख्यावर गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात खटपट केली. येरवडा चरखा हे नाव तिथलंच. आपण बारा पट आणखी लहान करतो एवढंच. पेटीत दोन चाकं असतात, एक मोठं, एक लहान. लहान चाकाला कार्यालयातल्या पंचिंग मशीनमधून पडणारी कागदाची टिकली पुरते. दोन-तीन एकावर एक चिकटवा. जुन्या मनगटी घड्याळातली चाकं वापरू नका, त्यांना दाते असतात आणि चरख्याच्या चाकाला दाते पाहिले की वर्ध्यातला कुणीही माणूस तुम्हाला थांबवून समजावून सांगू लागतो. चातीसाठी सर्वांत बारीक सुई, माळेसाठी एक केस. सूत कातून दाखवा, अशी मागणी आली तर पेटी बंद करा. खरी रचना पाहायची असेल तर मगन संग्रहालयात जा. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनीच त्याचं उद्घाटन केलं आणि चरख्यांचे नाना प्रकार तिथे पाहायला मिळतात.

खादीचा पंचा दोरीवर वाळत घालायचा मोह आवरा. जाड सुताची खादी या मापात लोंबत नाही, ताठ उभी राहते. वापरून विरलेलं मलमल शोधा, पातळ डिंकाच्या पाण्यात बुडवा, घड्या हातानं पाडून तसंच वाळू द्या. गादीला मात्र आपल्या जिल्ह्यात टंचाई नाही. हिंगणघाटच्या कापसानं एकेकाळी मँचेस्टरपर्यंत नाव कमावलं, त्यातला चिमूटभर तुमच्या उशीला नक्की मिळेल.

माझी सर्वांत आवडती वस्तू म्हणजे साप पकडायचा लाकडी चिमटा आणि त्याच्यासोबतचा पिंजरा. आश्रमात साप मारत नसत; धरायचे आणि लांब नेऊन सोडायचे. बांबूच्या दोन चिपा, मधे टाचणीचा खिळा, कात्रीगत उघडझाप झाली पाहिजे. हे एकच यंत्र तुमच्या घरात खरंच चालेल. सायंकाळी ट्यूबलाइटखाली मुंग्या धरून पाहा.

आता तुमच्या घरात तुमच्याविरुद्ध कट सुरू होईल, आणि तो प्रेमानं होईल. भाची रेझिनचा केक आणून मेजावर ठेवील. मेव्हणे एलईडीची माळ देतील, "उजेड पडला पाहिजे जी." कुणी छोटा फ्रीज आणेल, त्याचं दार उघडतं म्हणून. कुणी गांधीजींची प्लॅस्टिकची बाहुली आणेल. बाहुली तर मुळीच नको. ती आत बसवली की कुटीची शाळेच्या स्नेहसंमेलनातली झांकी होते. बाहुलीशिवाय बघणारा माणूस स्वतःच आत बसायला जागा शोधतो. बाकीच्या भेटी एका डब्यात ठेवा, भाचीला वाईट वाटू देऊ नका, आणि ती गेल्यावर केक उचला. विचारवंत इव्हान इलिच जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला आले, कुटीत बसले आणि तिच्यावर एक भाषण देऊन गेले. सामान ठेवायची जागा आणि राहायचं घर यांत त्यांनी फरक केला, आणि सोयी वाढल्या की माणूस त्यांवर रेलून अधू होत जातो असं सुचवलं. आपल्या मेव्हण्यांना हे पटेल याची खात्री नाही. एलईडी तूर्तास महालक्ष्म्यांसाठी राखून ठेवा.

देखभालीत पहिला शत्रू वाळवी. माती, तुराटी आणि बांबू म्हणजे तिच्यासाठी तयार पंगत. घर जमिनीवर ठेवू नका, चार पायांच्या स्टुलावर ठेवा आणि पाय पाण्याच्या वाट्यांत. दुसरा शत्रू पाल. ती कुटीत खऱ्या मापानं मगरीएवढी दिसते आणि पाहुण्यांना फार आवडते. धूळ मऊ ब्रशनं काढायची, फुंकर मारायची नाही, तीन माकडं उडतात.

बांधायला घेण्याआधी एकदा सेवाग्रामला जाऊन या. वर्धा रेल्वे स्थानकापासून आश्रम साधारण आठ किलोमीटरवर आहे, म्हणजे पाच मैलांच्या अटीत बरोबर बसतो. चपला बाहेर काढा, मोजपट्टी खिशातच ठेवा, मापं नजरेनं घ्या आणि घरी येऊन वहीत उतरवा. भिंतीचा पोपडा नमुना म्हणून खरवडू नका. माती तुमच्याही गावात आहे.